भरलेलं घर नेमकं कधी होतं?

‘पूर्वी घरं माणसांनी भरलेली असायची, आता तीन माणसं आणि तीन खोल्या’ हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की ते तपासावं असं कुणाला वाटत नाही. तपासायला गेलं की ‘पूर्वी’ या शब्दापाशीच अडायला होतं. किती पूर्वी? साठ-सत्तर वर्षांपूर्वी म्हणत असाल, तर बरंचसं खरं आहे. दोनशे वर्षांपूर्वी म्हणत असाल, तर जगाच्या बऱ्याच भागांत ते खोटं आहे.

कुटुंब कसं बदललं हे समजायला चार आकडे हाताशी लागतात: जन्मलेल्या मुलांपैकी किती मोठी होतात, एका बाईला किती मुलं होतात, पहिलं मूल तिच्या कितव्या वर्षी होतं, आणि मोठं झालेलं माणूस किती वर्षं जगतं. नोकरी, कायदे, शिक्षण, बदललेली मतं या सगळ्याचा जोर आहेच. पण घरात किती माणसं असतील आणि ती एकमेकांची कोण लागतील, याची चौकट हे चार आकडे आखतात.

घर वेगळं, कुटुंब वेगळं

जनगणना मोजते ते घर. एकत्र राहणारी आणि जेवणखाण एकत्र असणारी माणसं म्हणजे एक घर. कुटुंब म्हणजे रक्ताची आणि लग्नाची नाती, मग ती माणसं कुठेही राहोत. दोन भाऊ एकाच इमारतीत वर-खाली राहतात, चुली वेगळ्या आहेत, पण आईचं औषधपाणी दोघं मिळून बघतात आणि मोठे निर्णय एकत्र बसून घेतात. कागदावर ही दोन विभक्त घरं. त्यांना विचाराल तर ते एकच कुटुंब म्हणतील, आणि त्यांचंही चूक नाही. ‘एकत्र कुटुंबं मोडली’ या वादात निम्मे लोक घराबद्दल बोलत असतात आणि निम्मे कुटुंबाबद्दल, म्हणून तो वाद संपत नाही.

घरात फक्त नातेवाईक राहतात, ही समजूतही तशी अलीकडची. युरोपातल्या अनेक भाषांमधला कुटुंबवाचक शब्द लॅटिनमधल्या ‘फामिलिया’वरून आला, आणि तो ‘फामुलुस’ म्हणजे चाकर या शब्दावरून. रोमन माणसाच्या फामिलियात बायकामुलांबरोबर गुलामही येत. कोण कोणाच्या हुकमतीत आहे याला तिथे महत्त्व होतं.

हे जवळून बघायचं तर इंग्लंड-वेल्सच्या १८५१ च्या जनगणनेचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, असा रकाना त्यात पहिल्यांदाच होता. त्यात प्रमुख, बायको, मुलगा, मुलगी ही नोंद असतेच. खाली नोकर, शिकाऊ उमेदवार आणि भाडेकरूही येतात. नोकर म्हणून नोंदलेलं माणूस पुष्कळदा तेरा-चौदा वर्षांची पोर असते. तिच्या आईबापांच्या घरातून एक माणूस कमी झालेलं असतं, मालकाच्या घरात एक वाढलेलं. मोठ्या घरातली सगळी माणसं नात्यातली होती असं धरून चाललो की पहिलाच हिशेब चुकतो.

पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली या इतिहासकारांनी १९६४ मध्ये केंब्रिजमध्ये लोकसंख्येच्या इतिहासावर काम करणारा गट उभा केला. लॅस्लेट यांनी १५७४ ते १८२१ या काळातल्या शंभर इंग्रजी वस्त्यांच्या याद्या काढून मोजल्या. सरासरी घर निघालं ४.७५ माणसांचं, आणि लोकसंख्येतली सुमारे १३ टक्के माणसं नोकर म्हणून दुसऱ्याच्या घरी राहणारी. कारखाने आले आणि मोठी कुटुंबं फुटून लहान झाली, ही शाळेतल्या पुस्तकात शोभणारी गोष्ट निदान इंग्लंडला तरी लागू पडेना. घरं कारखान्यांच्या आधीपासूनच लहान होती.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन हायनल यांनी युरोपच्या नकाशावर रशियातल्या सेंट पीटर्सबर्गपासून इटलीतल्या त्रिएस्तेपर्यंत एक रेघ मारून दाखवली. रेघेच्या पश्चिमेला बायकांची लग्नं विशीच्या मध्यावर व्हायची, नवं जोडपं नवं घर मांडायचं, आणि बरेच लोक लग्नाशिवायच राहायचे. पूर्वेला, आणि आशियाच्या बहुतेक भागात, लग्नं लवकर व्हायची आणि नवी सून असलेल्या घरात यायची. तेव्हा जगाचं मिळून एक ‘जुनं कुटुंब’ असं कधी नव्हतंच.

आजी-आजोबा असलेलं घर: गणित जमत का नव्हतं

एकत्र राहणं हाच आदर्श होता, तिथेही तीन पिढ्यांची घरं आपल्याला वाटतं तितकी नव्हती. यामागे मृत्यू आहे.

साधारण १८०० साली जगात जन्मलेल्या दर दहा मुलांपैकी चारांहून थोडी जास्त पाच वर्षांची व्हायच्या आतच जात. आज हे प्रमाण शंभरात चारपेक्षा कमी आहे. जगाचं सरासरी आयुर्मान १९५० मध्ये ४६ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७३ आहे. इथे एक चूक हमखास होते. आयुर्मान ३५ असलेल्या समाजात लोक पस्तिशीत म्हातारे होऊन मरत, असा याचा अर्थ नाही. पुष्कळ मुलं पाळण्यात गेली की सरासरी खाली येते. जे विशी गाठत ते पन्नास-साठपर्यंत जगण्याची बरीच शक्यता असे.

आता हिशेब करू. समजा प्रत्येक पिढीत पहिलं मूल पंचविसाव्या वर्षी होतं आणि मोठी झालेली माणसं साठीच्या आत-बाहेर जातात. नातू जन्मतो तेव्हा आजोबा पन्नाशीचे. म्हणजे तीन पिढ्या एका छपराखाली फार तर दहा वर्षं. घराच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यातली ही दहा वर्षं, त्यामुळे एखाद्या दिवशी जाऊन शिरगणती केली की चारातलं एकच घर तीन पिढ्यांचं सापडणार, सगळ्यांची इच्छा असली तरी. त्यात तीन भाऊ जगले आणि वेगळे झाले, तर म्हातारे आईवडील एकाच्याच घरी राहू शकतात. उरलेल्या दोन घरांत आजी-आजोबा नाहीत, आणि त्यात कुणाचा कृतघ्नपणा नाही.

भाऊ बाप असेपर्यंत एकत्र राहायचे आणि तो गेला की वाटण्या करायचे, अशी पद्धत असली तर घर मोठं होतं, फुटतं, पुन्हा वाढतं. एकच कुटुंब वीस वर्षांच्या अंतराने दोनदा पाहिलं तर एकदा ‘एकत्र’ दिसेल, एकदा ‘विभक्त’. एका दिवसाची मोजणी म्हणजे चालत्या गाडीचा फोटो.

मृत्यूचा दुसरा परिणाम सावत्र नात्यांवर. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये लग्नाला उभ्या राहणाऱ्यांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास विधवा किंवा विधुर असत. म्हणजे सावत्र आई, सावत्र बाप, सावत्र भावंडं ही तेव्हाही रोजची गोष्ट होती. लोककथांमध्ये सावत्र आई उगाच ठाण मांडून बसलेली नाही. अमेरिकेचे आकडे तर बघण्यासारखे आहेत: मृत्यू आणि घटस्फोट मिळून वर्षाला दर हजार लग्नांमागे किती मोडली हे मोजलं, तर १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि १९७० मध्ये, दोन्ही वेळा तो आकडा ३३ ते ३५ च्या घरात येतो. पहिल्या वेळी जवळजवळ सगळा वाटा मृत्यूचा होता. शंभर वर्षांत लग्नं तितकीच मोडत राहिली, बदललं ते फक्त मोडण्याचं कारण. मुलांच्या दृष्टीने मात्र हा फरक मोठा आहे: पूर्वी गेलेला बाप परत येत नसे, आताचा एक दिवसाआड येतो किंवा मुद्दाम येत नाही.

मधली खिडकी

मग आत्यामावश्यांनी, चुलतमावस भावंडांनी गजबजलेलं घर आलं कुठून? ते खरंच होतं, पण एका मधल्या काळात. आधी मुलांचे मृत्यू कमी झाले. जन्म कमी व्हायला आणखी दोन-तीन पिढ्या लागल्या. या दोन घटनांमधल्या खिडकीत सहा मुलं जन्मली आणि सहाच्या सहा जगली. युरोपात ही खिडकी एकोणिसाव्या शतकात उघडली, आशिया-आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी विसाव्या शतकाच्या मध्यावर. आज साठी-सत्तरीत असलेल्या लोकांचं बालपण नेमकं तिथे पडतं, आणि आठवणी सांगणारेही तेच आहेत.

हे सूत्रात मांडता येतं. प्रत्येक जोडप्याची ‘न’ मुलं मोठी होतात असं धरा. तुमची सख्खी भावंडं न वजा १. आईवडिलांची मिळून भावंडं त्याच्या दुप्पट. त्या प्रत्येकाची पुन्हा न मुलं. न = ५ असेल तर तुम्हाला ४ भावंडं, ८ काका-आत्या-मामा-मावश्या आणि ४० चुलत-आते-मामे-मावस भावंडं. न = ३ असेल तर १२ भावंडं त्या फळीतली. न = २ असेल तर ४. न = १ असेल तर शून्य; आणि भावंडंच नाहीत म्हटल्यावर काका, आत्या, मामा, मावशी हे चारही शब्द त्या मुलाच्या बाबतीत शेजाऱ्यांना हाक मारण्यापुरते उरतात. मुलं पाचाची दोन झाली, म्हणजे निम्म्याहून थोडी कमी. भावंडांचा गोतावळा मात्र दहापटीने आटला. घरात काय बदललं याची चर्चा होते, पण सर्वांत मोठी पडझड घराबाहेरच्या या फळीत झाली आहे.

खिडकी उघडण्याआधी काय होतं तेही याच सूत्रातून दिसतं. सहा जन्मायची, निम्मी जगायची, म्हणजे न = ३. चाळीस भावंडांचा गोतावळा आजोबांच्या आजोबांकडे सहसा नव्हता.

आठवणींचा आणखी एक सापळा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दहा बायका घ्या: दोघींना मूल नाही, तिघींना एकेक, दोघींना दोन-दोन, दोघींना चार-चार, एकीला सहा. एकूण मुलं २१, सरासरी २.१. आता प्रश्न त्या मुलांना विचारा, की तुमच्या घरी तुम्ही किती भावंडं, स्वतःला धरून? उत्तरांची सरासरी येते ३.७६. एकवीसपैकी चौदा मुलं त्या तीनच मोठ्या घरांतली आहेत, आणि ज्या दोघींना मूल नव्हतं त्यांच्या घरची आठवण सांगायला कुणीच नाही. जुन्या काळाबद्दल आपण नेहमी मुलांनाच विचारतो, आयांना नाही. म्हणून गेलेला काळ होता त्याहून भरलेला वाटतो.

मुलं कमी का झाली

१९५० च्या दशकात जगात दर बाईमागे पाच मुलं होत होती. आज हा आकडा सव्वादोनच्या आसपास आहे. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत १९६० मध्ये मान्यता मिळाली, आणि बायकांच्या हातात आलेलं ते पहिलं खात्रीचं साधन होतं, पण पश्चिम युरोपात जन्मदर त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकातच उतरू लागले होते. साधनाने वेग दिला. इच्छा आधी बदललेली होती.

ती का बदलली याचं ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७६ मध्ये दिलेलं उत्तर अजूनही सर्वांत उपयोगी वाटतं. पैसा आणि श्रम घरात कुठून कुठे वाहतात ते बघा, ते म्हणाले. मूल सात-आठ वर्षांचं होताच गुरं राखतं, पाणी भरतं, धाकट्यांना सांभाळतं आणि म्हातारपणी आईबापांना पोसतं, तोवर प्रवाह मुलाकडून आईबापांकडे आहे आणि जास्त मुलं परवडतात. शाळा सक्तीची झाली, बालमजुरीवर बंदी आली, की प्रवाह उलटतो. मूल वीस-बावीस वर्षं फक्त घेतं. वर म्हातारपणाची सोयही सरकारकडे गेली: जर्मनीने १८८९ मध्ये कायद्याने वृद्धांचं निवृत्तिवेतन सुरू केलं, तेव्हा वयाची अट होती सत्तर. मुलगा हाच विमा, ही गरज तिथून सैल व्हायला लागली.

पुढची पिढी आधीच्या पिढीइतकी राहायला २.१ मुलं लागतात असं म्हणतात. दोन का नाही? दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, त्यामुळे एक मुलगी व्हायला सरासरी २.०५ बाळंतपणं लागतात. त्यात काही मुली आई होण्याच्या वयाआधी जातात. जिथे बालमृत्यू जास्त, तिथे हा आकडाही २.१ च्या वर जातो.

जन्मदराच्या बातम्या वाचताना एक सावधगिरी. दर बाईमागे मुलांचा तो आकडा एका वर्षातल्या सगळ्या वयांच्या बायकांच्या बाळंतपणांच्या दरांची बेरीज असतो, कुठल्याही एका बाईचं आयुष्य नसतं. समजा प्रत्येकीला दोनच मुलं होणार आहेत, पण दहा वर्षांत बाळंतपणाचं सरासरी वय दोन वर्षांनी पुढे सरकलं. त्या दहा वर्षांत दर १.६ दिसेल, कारण दहा वर्षांच्या काळात आठ वर्षांचीच बाळं जन्मली. मुलं कमी झाली नाहीत, लांबली. अर्थात दक्षिण कोरियाचा २०२३ मधला ०.७२ हा आकडा नुसत्या लांबणीवर ढकलता येत नाही.

वडाऐवजी पोफळ

पूर्वीचं कुटुंब वडासारखं, आडवं पसरलेलं. आताचं पोफळीसारखं: उंच, सरळ, फांद्या नाहीत. पिढ्या जास्त एकत्र जगतात, प्रत्येक पिढीत माणसं कमी. जर्मनीतल्या रोस्टॉकच्या माक्स प्लांक लोकसंख्याशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेला अंदाज असा: १९५० मध्ये ६५ वर्षांच्या बाईला जगात सरासरी ४१ हयात नातेवाईक होते, २०९५ मध्ये २५ असतील. आणि त्या पंचविसांत वयस्कर माणसांचा वाटा मोठा असेल.

सांभाळण्याचा ताण इथून येतो. चीनमध्ये १९८० पासून २०१५ पर्यंत बहुतेक शहरी जोडप्यांना एकच मूल ठेवावं लागलं. त्या मुलांची आपसांत लग्नं झाली, की एका नातवंडाच्या वर दोन आईबाप आणि त्यांच्यावर चार आजी-आजोबा. ४-२-१ असं त्याला तिथे म्हणतात. कायदा नसलेल्या देशांतही आकडे हळूहळू तिकडेच चालले आहेत.

यात पहिल्या मुलाचं वय फार महत्त्वाचं ठरतं. प्रत्येक पिढीत पहिलं मूल विसाव्या वर्षी झालं तर बाई साठाव्या वर्षी पणजी होते. तिसाव्या वर्षी झालं तर नव्वदाव्या. वाढलेलं आयुष्य लांबलेल्या बाळंतपणात असं खर्ची पडतं. पहिलं मूल बत्तिसाव्या वर्षी झालं, आणि तुमच्या आईलाही तुम्ही बत्तिसाव्या वर्षीच झालात, तर तुमच्या पंचेचाळिशीत घरी तेरा वर्षांचं मूल असतं आणि आई सत्त्याहत्तरची. शाळेची सभा आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया एकाच आठवड्यात येतात, आणि वाटून घ्यायला भावंड असेल याची खात्री नाही.

लग्न

अमेरिकेत १९५६ मध्ये पहिल्या लग्नाचं मध्यम वय (निम्म्यांची लग्नं ज्या वयाच्या आत होतात ते) बायकांचं २०.१ आणि पुरुषांचं २२.५ होतं. आज ते २८ आणि ३० च्या वर आहे. गंमत अशी की १९५६ चा आकडा तिथल्या नोंदींमधला सर्वांत कमी आहे. कमावता बाप, घरी आई, तीन मुलं हे ‘पारंपरिक’ म्हणून मिरवलं जाणारं चित्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांचा अपवाद होतं.

दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी १९७० पासून लागू झाला, स्वीडनने १९७४ मध्ये पालकत्वाची पगारी रजा बापालाही खुली केली, १९७८ मध्ये शरीराबाहेर फलन झालेलं पहिलं मूल जन्मलं, २००१ मध्ये नेदरलँड्सने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. लग्न, मूल आणि एकत्र राहणं ही तीन टोकं एकाच गाठीत असायची. ती सुटी झाली. एकट्याची घरं अमेरिकेत १९६० मध्ये १३ टक्के होती, २०२० मध्ये सुमारे २८. जपानमध्ये २०२० च्या जनगणनेत ३८ टक्के.

‘निम्मी लग्नं मोडतात’ छापाची बातमी दिसली की भागाकार कसा केला ते आधी बघा. यंदा १००० लग्नं, यंदाच ४०० घटस्फोट, म्हणून ४० टक्के, असा तो बहुतेकदा असतो. पण घटस्फोट गेल्या वीस-तीस वर्षांतल्या लग्नांचे आहेत. पुढच्या वर्षी लग्नं ८०० वर आली आणि घटस्फोट ४०० च राहिले, तर ‘प्रमाण’ ५० टक्के होतं, एकही जास्त संसार न मोडता. बरोबर रीत म्हणजे एका वर्षी लग्न झालेली जोडपी धरायची आणि त्यांच्यामागे वर्षानुवर्षं जायचं.

स्वतःच्या घराचा तक्ता

हे सगळं आपल्याच कुटुंबावर ताडून बघायला एक मोठा कागद पुरतो. चार पिढ्यांच्या चार ओळी आखा. प्रत्येक माणसासमोर जन्माचं साल, मृत्यूचं साल, लग्नाचं वय, पहिल्या मुलाच्या वेळचं वय. मग एखादं साल निवडा, १९३०, १९६०, १९९०, आणि त्या दिवशी कोण कोणाच्या घरी जेवत होतं ते लिहा. घर फुगताना आणि आटताना दिसेल.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, लग्न होऊन गेलेल्या मुलींची पुढची शाखा कुणी सांगत नाही, त्यामुळे अर्धं झाड गायब होतं; ती शाखा मुद्दाम वेगळी विचारावी लागते. दुसरं जास्त नाजूक. ‘तुम्हाला मुलं किती?’ असं विचारलं की म्हातारी बाई जगलेली मुलं मोजते. लोकसंख्येच्या पाहणीत हाच प्रश्न तीन तुकडे करून विचारतात: तुमच्याजवळ राहणारी किती, दुसरीकडे राहणारी किती, आणि जन्मून गेलेली किती. तिसरा प्रश्न शेवटी, आवाज खाली आणून, आणि जन्मल्यावर रडलं असेल पण दोन-चार दिवसच जगलं असेल असंही मूल त्यात धरायचं, हे स्पष्ट सांगून. तिथे थोडं थांबावं लागतं. ती बोटांवर पुन्हा मोजायला लागते.